'ग्लोमिंग' : एक दुर्मीळ इंग्रजी शब्द खानदेशात बसून कसा शिकावा

शहादा, चोपडा, पारोळा, अमळनेर अशा गावांतून बी.ए.ला इंग्रजी घेणाऱ्या मुलामुलींसाठी, आणि परीक्षेचा संबंध नसताना केवळ आवडीनं इंग्रजी पुस्तकं वाचू लागलेल्यांसाठीही, हे लिहितो आहे. शाळेचं व्याकरण पक्कं असतं, रोजचं इंग्रजी समजतं. मग एखाद्या जुन्या कवितेत 'ग्लोमिंग' असा शब्द येतो. मोबाइलवर अर्थ बघायचा, वहीत 'ग्लोमिंग म्हणजे संधिप्रकाश' असं लिहायचं आणि पुढे जायचं, ही सगळ्यांची रीत. पंधरा दिवसांनी तोच शब्द भेटला की ओळख लागत नाही, आणि लागली तरी तो आपल्या वाक्यात घालायचा धीर होत नाही.

असा शब्द अर्थ पाठ करून येत नाही. तो कुठल्या मुलखातला, कुणाच्या तोंडचा, कुठल्या शब्दांच्या संगतीत फिरणारा, हे कळलं की तो आपोआप राहतो. खानदेशातल्या वाचकाला तर या कामात एक फायदा आहे, तो पुढे सांगतो. आपण हा एकच शब्द घेऊ आणि शेवटपर्यंत त्याच्याबरोबर जाऊ. पद्धत कळली की दुसऱ्या कुठल्याही शब्दाला ती लावता येईल.

आधी तोंडात बसवा

स्पेलिंग : जी, एल, ओ, ए, एम, आय, एन, जी. उच्चार 'ग्लोमिंग', जोर पहिल्या अक्षरावर. 'ओ' आणि 'ए' शेजारी आले की 'बोट', 'रोड', 'कोट' या शब्दांत जो लांब ओ ऐकू येतो तोच इथे. 'ग्लोआमिंग' नाही आणि 'ग्लूमिंग' तर नाहीच. चार-पाच वेळा मोठ्यानं म्हणा. ज्या शब्दाचा उच्चार करायला आपण बिचकतो तो आपण कधी वापरत नाही.

कोश उघडण्याआधी वाक्यं बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. खालची तीन वाक्यं मी मुद्दाम साधी रचली आहेत.

द चिल्ड्रन केम होम थ्रू द फील्ड्स इन द ग्लोमिंग.

इन द ग्लोमिंग शी कुड नॉट सी हिज फेस, ओन्ली हिज व्हाइट शर्ट.

द लास्ट बोट स्लिप्ड अवे इंटू द ग्लोमिंग.

अर्थ माहीत नाही असं धरून वाचा. पोरं शेतातून घरी येताहेत, म्हणजे दिवस संपत आलाय. चेहरा दिसत नाही पण पांढरा सदरा दिसतो, म्हणजे उजेड गेलेला नाही, नुसता उतरलाय. शेवटची होडी त्यात विरून जाते. आता शब्दाच्या आजूबाजूला बघा. तिन्ही ठिकाणी आधी 'द' आहे, आणि 'द'च्या आधी 'इन' किंवा 'इंटू' आहे. 'अ ग्लोमिंग' कुठे नाही, 'ग्लोमिंग्ज' असं अनेकवचन कुठे नाही. कोशाला हात न लावता अर्ध्याहून जास्त शब्द तुमच्या हाती आला.

अशी आणखी वाक्यं हवी असतील तर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर जुनी इंग्रजी पुस्तकं फुकट वाचायला मिळतात. १९७१ साली सुरू झालेला हा पुस्तकांचा साठा आहे. एकोणिसाव्या शतकातली एखादी स्कॉटिश कादंबरी उघडा, पानावर शोधायची सोय वापरून हा शब्द शोधा आणि सापडलेली वाक्यं वहीत उतरवून घ्या. उतरवताना शब्दाच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन शब्द अधोरेखित करा. आठ-दहा वाक्यं झाली की त्याची संगत कोणती ते डोळ्यांपुढे येतं.

आता कोश, आणि त्यात शब्दाचं गाव शोधा

कोशात अर्थाच्या ओळीवर थांबू नका. अर्थाच्या आधी तिरप्या अक्षरांत 'लिटररी', 'पोएटिक', 'स्कॉटिश' अशी खूण असते, ती वाचा. मोबाइलवर घाईत बघणाऱ्याच्या नजरेतून नेमकी हीच खूण सुटते. ग्लोमिंगला या खुणा आहेत, आणि त्यामागे मोठी हकीकत आहे.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या भाषेत, 'ग्लोम' म्हणजे संधिप्रकाश. त्यापासून 'ग्लोमुंग' झाला. जुन्या लिखाणात हा शब्द एकदाच सापडतो, तोही 'क्रेपुस्कुलुम' या लॅटिन शब्दाचा अर्थ सांगण्यासाठी टिपलेला. पुढे प्रमाण इंग्रजीतून तो जवळजवळ पुसला गेला. उत्तरेकडच्या बोलींत आणि स्कॉटलंडमध्ये मात्र तो घरोघरी चालत राहिला. अठराव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट बर्न्स या स्कॉट कवीनं आपल्या बोलीत कविता लिहिल्या, १७८६ साली त्या छापून आल्या, आणि त्यांत 'ग्लोमिन' हा शब्द होता. बर्न्स आणि त्याच्या मागून आलेले स्कॉट लेखक वाचून लंडनच्या लेखकांनी तो पुन्हा उचलला. १८१९ साली इंग्रज कवी कीट्सनं तर त्याचं शेपूट कापून नुसतं 'ग्लोम' वापरलं. म्हणजे जो शब्द इंग्रजी विसरली होती तो तिला शेजारच्या बोलीनं सांभाळून परत दिला.

खानदेशातल्या वाचकाचा फायदा म्हणालो तो हाच. आपल्याकडे घरात अहिराणी नाहीतर लेवा बोली आणि शाळेत प्रमाण मराठी, असं दोन पायांवर चालणं लहानपणापासून असतं. कुठला शब्द घरचा, कुठला वर्गातला, कुठला दोन्हीकडे चालतो आणि कुठला वर्गात बोलला की सगळे मागे वळून बघतात, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, तरी कळतं. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या ओव्या १९५२ साली पुस्तकरूपानं आल्या आणि शेतात, चुलीपाशी बोलले जाणारे खानदेशी शब्द साऱ्या महाराष्ट्राच्या ओठांवर गेले. पुण्या-मुंबईचा वाचक ते शब्द वाचतो तेव्हा त्याला अर्थाबरोबर मातीचा एक वासही जाणवतो. 'ग्लोमिंग' वाचताना इंग्रज वाचकाला स्कॉटलंडची टेकडी, धुकं, जुनं गाणं असंच काहीतरी जाणवतं. 'डस्क' वाचताना तसं काही होत नाही.

याच पायरीवर आणखी एक कोश बघून घ्या. 'डिक्शनरीज ऑफ द स्कॉट्स लँग्वेज' नावानं स्कॉट बोलीचे मोठे कोश इंटरनेटवर खुले आहेत. इंग्रजी कोशात चार ओळींत गुंडाळलेला शब्द तिथे ऐसपैस पसरलेला दिसतो, लेखकांच्या वाक्यांसकट. शब्दाच्या मुळाशी जायची परंपरा आपल्याला नवी नाही. इतिहासाचार्य राजवाडे मराठी शब्दांच्या आणि धातूंच्या व्युत्पत्ती शोधत राहिले, १९२६ साली धुळ्यातच गेले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. कधी त्या बाजूला गेलात तर जरूर आत जा.

'इंग'चा घोटाळा

शेवटी 'इंग' दिसलं की आपण क्रियापद समजतो. मग 'द स्काय इज ग्लोमिंग' असं वाक्य लिहिलं जातं. ते चूक आहे. 'ग्लोमिंग' नाम आहे. यातला 'इंग' म्हणजे जुन्या इंग्रजीतला 'उंग' हा नाम बनवणारा प्रत्यय. 'इव्हनिंग' बघा. तोही 'एफनुंग' असा याच प्रत्ययानं झालेला, आणि 'ग्लोमुंग' बहुधा त्याच्याच नमुन्यावर पाडलेला. 'मॉर्निंग' त्यानंतर कधीतरी 'इव्हनिंग'कडे बघून तयार झाला. 'द स्काय इज इव्हनिंग' आपण म्हणत नाही, तसंच हे. एवढं लक्षात ठेवलं की ही चूक पुन्हा होत नाही.

दुसरा गोंधळ 'ग्लूम' आणि 'ग्लूमी'चा. दिसायला सारखे, म्हणून ग्लोमिंग म्हणजे उदास काळोख असं वाटतं. कोशकार याचं नातं 'ग्लो'शी लावतात, म्हणजे मंद उजेडाशी. मुळात उजेड आहे. म्हणून इंग्रजी गाण्यांत प्रेमिक ग्लोमिंगमध्ये फिरायला जातात, रडायला नव्हे. हुरहुर असते, पण ती गोड असते.

तापीकाठी जाऊन एक प्रयोग करा

शब्द डोक्यात कायमचा राहावा असं वाटत असेल तर ही पायरी सोडू नका. प्रकाशा गावच्या घाटावर, चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर, नाहीतर सरळ गच्चीवर, वर्तमानपत्र घेऊन बसा. सूर्य क्षितिजाखाली गेला की घड्याळ बघा. बातमीची बारीक अक्षरं वाचता येईनाशी झाली की पुन्हा बघा. आकाश स्वच्छ असेल तर हा काळ साधारण अर्ध्या तासाच्या आतबाहेर भरेल. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतच्या उजेडाला खगोलशास्त्रात नागरी संधिप्रकाश म्हणतात. आपलं जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि इथे तो २२ ते २५ मिनिटं टिकतो. उन्हाळा असो की हिवाळा, फरक दोन-तीन मिनिटांचा.

एडिंबरा आहे सुमारे ५६ अंशांवर. तिथे सूर्य क्षितिजावर सरळ उतरत नाही, फार तिरका घसरत जातो. त्यामुळे जूनमध्ये हाच उजेड तासभर रेंगाळतो. आणि त्यानंतरही खरी रात्र होतच नाही, कारण त्या दिवसांत तिथे मध्यरात्रीसुद्धा सूर्य क्षितिजाखाली ११ अंशांपलीकडे जात नाही. जेवण झाल्यावर माणसं फिरायला निघतात, तासभर चालतात आणि आकाश अजून उजळच असतं. अशा मुलखात त्या वेळेला स्वतंत्र, लाडका शब्द असणं अगदी साहजिक आहे.

आपल्याकडे सातपुड्यावरचा लाल रंग बघता बघता जातो. बैलगाडी मळ्यातून निघते तेव्हा उजेड असतो, गावात शिरेपर्यंत दिवे लागलेले असतात. म्हणून खानदेशातल्या संध्याकाळीवर इंग्रजीत लिहिताना 'द लाँग ग्लोमिंग' लिहिणं मला पटत नाही. ते आपल्या आकाशाबद्दल खरं नाही. घाईनं उतरणाऱ्या आपल्या संध्याकाळीला 'डस्क' जास्त शोभतो. कथेतली वेळ तुम्हाला मुद्दाम रेंगाळत ठेवायची असेल, पात्राचं मन त्या उजेडात अडकलेलं असेल, तर मात्र ग्लोमिंग जरूर वापरा.

मराठी प्रतिशब्द : एकावर थांबू नका

वहीत 'संधिप्रकाश' लिहिलं की काम झालं असं वाटतं. पण संधिप्रकाश हा भूगोलाच्या पुस्तकातला शब्द आहे, तो 'ट्वायलाइट'ला बरोबर बसतो, आणि ट्वायलाइटसारखाच पहाटेलाही चालतो. ग्लोमिंग बहुतेक वेळा संध्याकाळचाच.

मग आपल्याकडे काय आहे ते मांडून बघा. 'कातरवेळ' आहे. तिच्यात जीव कातर होतो, घर आठवतं. हुरहुरीच्या बाबतीत ती ग्लोमिंगच्या सगळ्यात जवळची, पण तिच्यात धास्तीही आहे, आणि ती ग्लोमिंगमध्ये नाही. 'तिन्हीसांजा' म्हटलं की देवापुढे दिवा, या वेळी केर काढू नये, उंबऱ्यावर बसू नये हे सगळं येतं. ग्लोमिंगला असा कुठलाही नेम नाही. 'दिवेलागण' कामाची वेळ सांगते. 'गोरज'मध्ये परतणाऱ्या गुरांच्या खुरांची धूळ आहे आणि लग्नाचा मुहूर्तही आहे. घरातलं वडीलधारं माणूस अहिराणीत नुसतं 'दिन बुडना' म्हणेल आणि हातपाय धुवायला जाईल.

कविता मराठीत आणायची असेल तर त्या ओळीत काय चाललंय ते बघून यांतला एक निवडा. प्रेमिक फिरताहेत? 'सांजवेळ' पुरे. परदेशी गेलेला मुलगा आठवतोय? 'कातरवेळ'. शंका आली तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उलट्या बाजूनं तपासा : मराठी शब्द काढा आणि त्याच्यापुढे इंग्रजीत काय दिलंय ते वाचा. १८५७ सालची त्याची दुसरी आवृत्ती इंटरनेटवर शोधता येते आणि अशा जुन्या, गावाकडच्या शब्दांसाठी तिच्याइतका उपयोगी कोश मला दुसरा माहीत नाही.

शेजारचे इंग्रजी शब्द

'डस्क' रोजचा, साधा, अंधाराकडे झुकलेला. वेळ सांगायची असेल तर हाच. 'ट्वायलाइट' शास्त्रात चालतो आणि लाक्षणिकही चालतो, जसं आयुष्याच्या उतरणीला 'द ट्वायलाइट ऑफ हिज लाइफ'. 'नाइटफॉल' म्हणजे रात्र पडते तो क्षण, 'बाय नाइटफॉल' असा येतो. 'क्रेपस्क्युलर' हे विशेषण, आज जास्त करून प्राणिशास्त्रात : पहाटे आणि सांजेला हिंडणारे प्राणी. यावलच्या अभयारण्यावर इंग्रजीत निबंध लिहिणार असाल तर हा कामाचा आहे, ग्लोमिंग नाही.

तो शब्द आजही कुठे भेटतो

कवितेबाहेर हा शब्द सगळ्यात जास्त टिकला तो खेळाच्या पानावर. कारण सोपं आहे. सामना लांबतो, उजेड जातो आणि निकाल अजून लागायचा असतो.

२८ सप्टेंबर १९३८. शिकागोच्या रिगली फील्डवर बेसबॉलचा सामना, शिकागो कब्ज विरुद्ध पिट्सबर्ग पायरेट्स. त्या मैदानावर तेव्हा विजेचे दिवे नव्हते, ते १९८८ साली आले. बरोबरी झालेली, अंधार पडत चाललेला, आणि अशा वेळी कब्जच्या गॅबी हार्टनेटनं होमरन, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारा फटका, मारून सामना जिंकून दिला. त्या फटक्याला नाव पडलं 'होमर इन द ग्लोमिन'. त्याआधी १९११ साली हॅरी लॉडर या स्कॉट गायकाचं 'रोमिन इन द ग्लोमिन' हे गाणं जगभर गाजलं होतं, नाव त्यावरून आलं. गाणं माहीत नसलेल्याला यातली गंमत कळणार नाही. शब्दाची संगत शोधा म्हणतो ते यासाठीच.

क्रिकेटमध्येही असंच. २८ जुलै १९७१ रोजी इंग्लंडमधल्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर जिलेट कप या तिथल्या स्पर्धेचा उपांत्य सामना लँकेशायर आणि ग्लॉस्टरशायर यांच्यात रात्री पावणेनऊच्या पुढेपर्यंत चालला. डेव्हिड ह्यूजनं जॉन मॉर्टिमोरच्या एका षटकात २४ धावा काढल्या आणि लँकेशायर जिंकलं. अंधाराची तक्रार झाली तेव्हा पंच आर्थर जेप्सन यांनी आकाशातला चंद्र दाखवला आणि तो दिसतोय ना, मग आणखी किती लांबचं बघायचंय, अशा अर्थाचं काही विचारलं, असं सांगतात. या सामन्याच्या वर्णनांत ग्लोमिंग वाचलात तर लेखकानं तो का निवडला हे आता तुम्हाला सांगावं लागणार नाही.

स्वतः वापरताना

पहिलं वाक्य साधं लिहा. 'इन द ग्लोमिंग' एवढा तुकडा जसाच्या तसा घ्या आणि पुढेमागे रोजचे शब्द ठेवा. 'वी सॅट बाय द रिव्हर इन द ग्लोमिंग अँड सेड लिटल.' पुरे. एका विद्यार्थ्याच्या वहीत मला वाक्य दिसलं, 'इन द मेलँकली ग्लोमिंग ऑफ द सॉरोफुल इव्हनिंग'. यात ग्लोमिंग आणि इव्हनिंग एकच गोष्ट दोनदा सांगतात, आणि दोन विशेषणांनी तिचा श्वास कोंडतो. काढून टाकलं ते, आणि उरलं 'इन द ग्लोमिंग'. वाक्य लगेच मोकळं झालं.

घड्याळाची वेळ या शब्दाजवळ ठेवू नका. अर्जात, बातमीत, अपघाताच्या नोंदीत, मुलाखतीत तो नको. 'द ॲक्सिडेंट टूक प्लेस इन द ग्लोमिंग' वाचून वाचणारा अडखळेल, तिथे 'ॲट डस्क' लिहा. कथा, कविता, ललित लेख, जिव्हाळ्याचं पत्र, प्रवासवर्णन इथे तो चालतो, आणि एका लेखात एकदाच. शेवटचा 'जी' गाळून वर अपॉस्ट्रॉफीची खूण देऊन 'ग्लोमिन' लिहायची हौस आवरा. ते स्कॉट पात्राच्या तोंडी घालायचं असेल तरच.

लिहिलेलं वाक्य कुणाला तरी दाखवा. महाविद्यालयातल्या मॅडमना, सरांना, नाहीतर अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्या मित्राला. दाखवताना 'बरोबर आहे का' विचारू नका. 'इथे डस्क टाकला तर काय बिघडेल' असं विचारा. काहीच बिघडत नसेल तर डस्कच ठेवा.

यानंतरचा शब्द म्हणून मी 'इव्हनटाइड' सुचवेन. घराणं तेच, चाल वेगळी : तो चर्चमधल्या प्रार्थनेचा शब्द आहे. दिल्लीत २९ जानेवारीला होणाऱ्या बीटिंग रिट्रीटमध्ये २०२२च्या आधी 'अबाइड विथ मी'ची धून वाजायची. त्या प्रार्थनेच्या पहिल्याच ओळीत तो आहे. ती ओळ शोधा, शब्दाच्या आधी कुठलं क्रियापद आलंय ते बघा, आणि कोश त्यानंतर उघडा.